बर्फ लागला

पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. आमच्या जळगावात या वसंतात पारा 44 गाठतो, टाकीचं पाणी दुपारी चहाला आधण ठेवल्यासारखं येतं आणि रात्री माणसं गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकतात. अशाच एका रात्री ओला टॉवेल पांघरून पडलो होतो. शेजारून मित्राचा आवाज आला, "भो, उत्तराखंडात तुंगनाथला जाऊ. तिथं अजून बर्फ आहे म्हणे." ओल्या टॉवेलखाली माणूस कशालाही हो म्हणतो.

आईनं तेवढा विरोध केला. "बरफ खावाले इतला दूर कसाले जास रे? गल्लीमा गोलावाला येस ना!"

जाकीट घ्यायला गेलो. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. मापाला म्हणून दोन मिनिटं चढवलेलं जाकीट आतून इतकं भिजलं की परत द्यायची सोयच उरली नाही.

पायथ्याच्या चोपत्याहून तुंगनाथचं मंदिर जेमतेम 3.5 किलोमीटर. एवढ्या अंतराला आमच्याकडे कुणी चालणं म्हणत नाही. पण मंदिर 3,680 मीटरवर, आणि जळगाव समुद्रापासून उणंपुरं 200 मीटर. हा फरक पायांना कळत नाही, छातीला कळतो. पिशवीतलं केळीच्या वेफर्सचं पाकीटही वर हवा विरळ म्हणून फुगून टम्म झालं होतं. ते फुगत चाललं होतं, मी चेपत चाललो होतो.

"बर्फ कडक आहे तोवर, पहाटेच निघा," असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आम्ही भाकरी-ठेचा खाऊन साडेनऊला निघालो. (ठेच्याला उशीर करणारा म्हणणं हा अन्याय आहे, भाकरी थंडीनं खापरासारखी झाली होती, वेळ तिनं खाल्ला.) अकराच्या सुमारास ऊन चढलं, बर्फ सैल झाला आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढला, तर पाय आला, बूट आला नाही. भाड्याचा गमबूट, सातच्या पायाला नऊ नंबरचा. पालथा पडून खांद्यापर्यंत हात भोकात घातला. बिळात घोरपड शोधावी तसा बूट चाचपत होतो. मोजा तोवर बाहेर, वाळत नव्हता, गोठत होता.

पाठीवर गॅसची टाकी घेतलेला एक पहाडी माणूस शांतपणे वर चालला होता. थांबून म्हणाला, "भाईसाहब, रास्ता उधर है. आप झाड़ी के ऊपर खड़े हो." झुडपाभोवती बर्फ आतून पोकळ होतो, हे ज्ञान मला मांडीनं आधीच झालं होतं.

चढताना उकडायला लागलं. टोपी काढली, तोंडाचा रुमाल काढला. मित्र म्हणाला, "क्रीम लाव." मी हसलो. 45 अंशात केळीच्या बागेत उभा राहणारा माणूस मी, हे गारेगार ऊन माझं काय वाकडं करणार!

संध्याकाळी कळलं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. कालचा-परवाचा थोडा कमी फेकत असेल, पण मला तेवढा पुरला. ऊन वरून येतं हे माहीत होतं, खालून येतं हे नव्हतं. हनुवटीखाली भाजलं, कानाच्या पाळ्या मागून भाजल्या आणि नाकपुड्या चक्क आतून भाजल्या. दोन दिवस शिंक आली की डोळ्यांत पाणी.

घरी पोचलो तेव्हा नाकाचं कातडं पापडाच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं. आईनं नीट निरखून पाहिलं, पन्ह्याचा तांब्या हातात दिला आणि शर्टाच्या खिशात कांदा कोंबला.

"ऊन लागनं तुले."

"ऊन नाही गं आई, बर्फ लागला."

ती काहीच बोलली नाही. आत गेली आणि आणखी एक कांदा घेऊन आली.