ऑफिस नाही म्हणून टॅक्स नाही, असं आता नाहीये
अमेरिकेत विक्री करण्यावरच्या या लेखात म्हटलंय की ज्या राज्यात विकणाऱ्याचं ऑफिस नाही तिथला सेल्स टॅक्स लागत नाही, पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या साउथ डकोटा (राज्य) विरुद्ध वेफेअर (ऑनलाइन विक्री कंपनी) निकालानंतर हे बदललंय, प्लीज दुरुस्त करा. आता ऑफिस नसलं तरी त्या राज्यातली विक्री बघतात, ती मर्यादेच्या वर गेली की कस्टमरकडून टॅक्स घेऊन भरावा लागतो; मर्यादा बऱ्याच राज्यांत वर्षाला १ लाख डॉलर, टेक्सास कॅलिफोर्नियात ५ लाख. सॉफ्टवेअरचं तर अजून वेगळं, ऑनलाइन सबस्क्रिप्शनवर कॅलिफोर्नियात टॅक्स नाही आणि टेक्सासात १०० डॉलरच्या बिलातल्या ८० वर लागतो. आम्ही पुण्यातून अमेरिकेत विकतो, दोन वर्षं कोणी सांगितलंच नाही, कस्टमरकडून घेतलाच नव्हता तो टॅक्स शेवटी व्याजासकट खिशातून भरला. नवीन पोरांनो, पहिल्या इन्व्हॉइसपासून राज्यवार विक्रीची शीट ठेवा रे.