१९८५ च्या पोर्शे ९११ चे टाय रॉड आणि तुमचे पाच आक्षेप: वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यूमध्ये दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंत त्याचा गोषवारा असा: टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणारे दांडे) बदलल्यापासून खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग व्हील डावीकडे कललेलं राहतं, नव्वदच्या वेगापुढे थरथर येते, आधीचा 'खट' आवाज अजून आहे, आणि न विचारता बूट (रॅकच्या टोकांवरची रबरी आवरणं) नि अलाइनमेंट बिलात लावलं. यातली एक चूक सरळसरळ आमची आहे, दोन अर्ध्या आमच्या. बाकीच्यांची कारणं वेगळी आहेत.

आधी तिरक्या व्हीलचं. टो (पुढची चाकं वरून पाहता किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) लावताना शेवटची दुरुस्ती एकाच बाजूच्या रॉडवर केली गेली. रिपोर्टवर एकूण टो-इन बरोबर दिसतो, म्हणून तो कागद पाहून काहीच कळत नाही. पण दोन्ही चाकांचा वाटा समान नसला की गाडी सरळ चालताना चाकं स्वतःच मधली जागा शोधतात आणि व्हील तेवढं कलतं. टायर यात फारसे झिजत नाहीत, तरी काम अर्धवटच म्हणायचं. टेस्ट ड्राइव्हनंतर गाडी परत रॅम्पवर चढायला हवी होती, ती चढली नाही.

हे सुधारायचं ते दोन्ही रॉडवर. एक जेवढा लांब करायचा तेवढाच दुसरा आखूड. आटीचं पिच दीड मिलिमीटर असेल तर अर्ध्या फेऱ्यात पाऊण मिलिमीटर फरक पडतो, म्हणून इथे पाव-पाव फेऱ्यानेच जायचं. एकूण टो जागच्या जागी राहतो, व्हील सरळ होतं. कुणी 'पाच मिनिटांत व्हील खोलून स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) एक दात सरकवून देतो' म्हणालं तर कृपा करून करू देऊ नका. व्हील सरळ दिसेल, पण सरळ चालताना रॅक (स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा) मध्यावर नसेल. मग एका बाजूला स्टिअरिंग जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी, आणि इंडिकेटर परत येण्याची जागाही सरकेल. घरी तपासायचं असेल तर पुढची बाजू स्टँडवर घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हीलचे फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर थांबवा आणि दोन्ही रॉडची उघडी आटी मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असली तर टो लावत बसण्याआधी सस्पेन्शनचा वाकलेला आर्म किंवा स्ट्रट शोधायचा.

आता झटके. हा रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा आहे आणि इथे आमची अर्धी चूक आहे: काम बरोबर झालं, पण आधी सांगितलं नाही. १९६९ ते १९८९ च्या साध्या ९११ मध्ये रॅकजवळचा आतला सांधा रबरी असतो. ९३० टर्बोमध्ये (९११ चंच टर्बो मॉडेल) त्या जागी बॉल जॉइंट (गोळी-खोबणीचा सांधा) आहे, म्हणून या अपग्रेडला सगळे 'टर्बो टाय रॉड' म्हणतात; तुमच्या गाडीला हेच बसवलेत. तुमचे जुने रॉड काढले तेव्हा डाव्या बाजूचं रबर धातूपासून सुटलेलं होतं. हाताने रॉड पुढेमागे केला की रॅक जागचा हलायच्या आधी डोळ्याला दिसेल इतका प्ले (ढिलेपणा) यायचा. वळणात चाकावर जोर आला की तेवढाच टो आपोआप बदलायचा. 'गाडी तरंगते' अशी जी तक्रार जॉब कार्डवर तुम्हीच लिहिली होती, ती ही.

तो प्ले गेला, आणि त्याबरोबर रबराची गादीही गेली. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाकापासून हातापर्यंत आता मध्ये नरम असं काही उरलं नाही. सरळ रेषेत आणि वळणात स्टिअरिंग नेमकं झालं असेल, खड्डाही तितकाच नेमका कळेल. आमच्या मते ट्रॅकवर किंवा घाटात जोरात चालवणाऱ्याने हेच रॉड लावावेत. रोज शहरातल्या रस्त्यावर फिरवणाऱ्याला नवे मूळ रबरी रॉडही पुरतात, आणि हा पर्याय तुमच्यासमोर ठेवायला हवा होता.

मात्र सगळे झटके रॉडच्या खात्यात टाकू नका. तुमची गाडी आमच्याकडे यायच्या आधीच पुढून खाली घेतलेली आहे. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असल्याने स्क्रू फिरवून उंची कमी करता येते, पण रॅक आहे तिथेच राहतो. मग टाय रॉड रॅकपासून चाकाकडे वर चढत जातात आणि सस्पेन्शन दबताना-उघडताना टो बदलत राहतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात. उपाय दोन: उंची मूळ मापाला आणायची, नाहीतर रॅकखाली स्पेसर घालून रॅक वर घ्यायचा. स्पेसरसोबत लांब बोल्टही लागतात. जुनेच वापरले तर आटी पुरेशी पकडत नाही. हे काम आम्ही सुचवलं होतं, तुम्ही पुढच्या वेळेवर ठेवलंत. त्यात काही गैर नाही, पण परिणाम त्याचाच आहे.

नव्वदच्या पुढची थरथर टाय रॉडमुळे येत नाही. जुनं रबर ती गिळत होतं, एवढंच. पहिला संशय चाकांच्या बॅलन्सवर, दुसरा पुढच्या बेअरिंगवर. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून. वर-खाली प्ले आहे आणि कुणी ब्रेक दाबून धरला की नाहीसा होतो, तर ते बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर खालचा बॉल जॉइंट बघावा लागेल. फक्त आडव्या पकडीत असेल तर संशय टाय रॉडवर. या गाडीत बेअरिंग आवळण्याचा नियम जुना आणि सोपा आहे: नटाखालचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, कुठेही टेकू न देता, जेमतेम सरकला पाहिजे. सहज सरकला तर ढिलं, अजिबात सरकला नाही तर बेअरिंग तापणार.

'खट' आवाजाची जागा वेगळी आहे. व्हील दोन्ही हातांनी धरून फिरवू नका, वर-खाली दाबा. हललं तर स्टिअरिंग कॉलमच्या वरच्या टोकाचा प्लास्टिक बुश (शाफ्टला धरणारी नळी) झिजलाय. त्याच्या जागी बॉल बेअरिंग बसवता येतं आणि ते एकदा बसवलं की तो विषय संपतो. तिथे काही नसेल तर खालच्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट बघायचे. एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली नाही: प्ले लपवायला रॅकचा दाब वाढवला नाही. रॅक मध्यभागी जास्त झिजतो. तिथला ढिलेपणा आवळून काढला की टोकांना स्टिअरिंग अडकायला लागतं आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही.

बिलाबद्दल. जुने बूट दोन घड्यांमध्ये फाटलेले होते आणि आत ग्रीसमध्ये वाळू मिसळली होती. तशात नवा रॉड बसवला तर पाणी शिरून रॅकचे दात गंजतात. शिवाय टर्बो रॉडच्या किटमध्ये त्यांचे बूट येतातच. फोन करून विचारायला हवं होतं, ते राहिलं. अलाइनमेंटवर मात्र आम्ही ठाम आहोत. रॉड बदलला म्हणजे त्याची लांबी बदलली; अलाइनमेंटशिवाय ही गाडी बाहेर सोडता येत नाही. क्रम ठरलेला आहे: उंची, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे-पुढे कल), कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि सगळ्यात शेवटी टो.

तिरकं व्हील, बॅलन्स आणि बेअरिंगची तपासणी आमच्या खर्चाने. कॉलमचं बेअरिंग बसवायचं ठरलं तर फक्त पार्टचे पैसे घेऊ. येताना टाकी अर्धी भरलेली ठेवा, पुढच्या ट्रंकमधलं नेहमीचं सामान काढू नका, टायरमधली हवा थंड असताना बघून या. टो फिरवताना बूटची बाहेरची क्लिप सोडून त्याच्या मानेला ग्रीस लावावं लागतं, नाहीतर बूट पिळला जाऊन पुन्हा फाटतो. ते काम तुमच्यासमोरच करू, आणि जुने दोन्ही रॉड ठेवून दिलेत, तेही बघून घ्या.