नंबर तोच, फोन तोच, कंपनी दुसरी

परवा माझ्या अंगणवाडीत एक लेकुरवाळी आली. कडेवर सव्वा वर्षाचं पोर, हातात मागच्या झाकणाला रबर लावलेला फोन. लाडक्या बहिणीची ई-केवायसी राहिली होती. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवल्याचं स्क्रीनवर आलं आणि आम्ही दोघी फोनकडं बघत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोर रडायला लागलं, त्याला खिचडी भरवून झाली, तरी ओटीपी येईना. मग मी विचारलं, "बाई, आधारला कोणता नंबर दिलेला आहे?" तिनं सांगितलेला नंबर ह्या सिमचा नव्हताच. दीड वर्षापूर्वी आखाडा बाळापूरच्या बाजारात छत्रीखाली नवं सिम फुकट मिळत होतं, म्हणून नवऱ्यानं ते घेतलं आणि जुनं काढून टाकलं. आधारला, बँकेला, गॅसला, सगळीकडं जुनाच नंबर. आता तो कुणाकडं असेल देव जाणे.

ती मला म्हणाली, "ताई, नवीन फोन घेतला तर येईल का हो ओटीपी?"

ह्या प्रश्नानं मला रात्रभर झोप लागली नाही. ती चुकली असं मला वाटतच नाही. फोनचं काही अडलं की नवीन फोन घ्यायचा आणि रिचार्ज महाग झाला की नवीन सिम घ्यायचं, हेच सगळे तिला सांगतात. दुकानदार तेच सांगतो, घरातली शिकलेली पोरंही तेच सांगतात. नंबर आपला, फोन आपला, फक्त कंपनी बदलायची, म्हणजे नंबर पोर्ट करायचा, हा तिसरा रस्ता २० जानेवारी २०११ पासून देशभर उघडा आहे. तो तिला कुणी नीट समजावून सांगितलाच नाही. म्हणून आज लिहिते. लांबेल, पण वाचा, आणि गावाकडच्या आपल्या माणसांना वाचून दाखवा.

आमच्या घरचंच सांगते. कळमनुरी तालुक्यातलं गाव. घरात चार फोन. माझा २०१९ चा, ह्यांचा त्याच्याही आधीचा, मामांचा (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो) साधा बटणाचा आणि आत्यांचा (म्हणजे सासूबाईंचा) एका कंपनीनं स्वस्तात दिलेला, बटणाचाच पण नेट असलेला. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ चा २९९ वर गेला. चार फोनांचा खर्च मांडला आणि हे म्हणाले, एवढे पैसे घालून नेट तर चालत नाही, फायनान्सवर फाइव्ह-जी फोनच घेऊ. हिंगोलीच्या दुकानदारानंही सांगितलं होतं, "वहिनी, हा फोन जुना झाला, नेट ओढत नाही."

मी एवढंच म्हटलं, की हाच फोन हिंगोलीच्या बसस्टँडवर व्हिडिओ सुद्धा दाखवतो आणि गावात आला की गोल गोल फिरत बसतो. मग दोष फोनचा कसा? ज्यांना कुणी "फोन जुना झाला" म्हणतं, त्यांनी आधी हेच करून बघावं. तालुक्याच्या गावी जा, तोच फोन, तेच सिम, दहा मिनिटं चालवा. तिथं चालला तर फोन चांगला आहे. हप्त्याचे पैसे घरात राहू द्या.

तरी आम्ही चालढकल केली. सप्टेंबरची पहिली आणि दुसरी तारीख आली आणि हिंगोली, परभणी, नांदेडवर मरणाचा पाऊस पडला. ओढ्याकाठचं आमचं सोयाबीन शेंगांसकट पाण्याखाली. त्या वर्षीच्या पीकविम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं होतं, फोन करून नाहीतर ॲपवर फोटो टाकून. फोटो टाकायला वावरात उभं राहावं लागतं आणि वावरात रेंज नव्हती. गावातली लाइट गेली तशी तासाभरात टॉवरची बॅटरीही उतरली, मग गावातलीही गेली. हे गुडघाभर चिखलातून माळावर जायचे, तिथं एक काडी रेंज धरायचे, ॲप उघडेपर्यंत ती जायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातल्या पोराच्या फोनवरून, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, ओढ्याच्या काठावर उभं राहूनच तक्रार गेली. त्याचा फोन ह्यांच्या फोनपेक्षा जुना होता.

मग मात्र मी मनावर घेतलं. त्याच पोराचं सिम अर्ध्या दिवसासाठी मागून घेतलं आणि माझ्या फोनच्या दुसऱ्या खणात घातलं. चुलीपाशी, अंगणवाडीत, वाड्याच्या मागं, आखाड्यावर (वावरातल्या गोठ्यापाशी), ओढ्याकाठी, सगळीकडं उभी राहिले आणि वहीच्या मागच्या पानावर दोन्ही कंपन्यांच्या काड्या लिहून काढल्या. एकदा लाइट असताना आणि एकदा लाइट गेल्यावर दोन तासांनी. आमच्या घरात जुनी कंपनी बरी होती, हे कबूल करते. पण आखाड्यावर तिची एक काडी आणि दुसरीच्या तीन. आपलं काम वावरात आहे आणि अंगणवाडीत आहे. घरात बसून रील बघायला आपल्याला रेंज नको आहे.

कंपन्यांना आता आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात, फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, ट्रायनं, तसा नियम केला आहे. ते जरूर बघा. पण नकाशा बघून पोर्ट करू नका, वावरात उभं राहून करा. आमच्या गावात जी कंपनी चांगली, ती तुमच्या गावात असेलच असं नाही. माझं माहेर देगलूरकडचं, तिथं एखाद्या शेतात फोन तेलंगणाचा टॉवर पकडतो आणि "नंबर बंद आहे" हे तेलुगूत ऐकू येतं. म्हणून मी इथं कंपनीचं नाव लिहीत नाही. मेसेंजरवरही विचारू नका, तुमच्या शिवाराचं मला काय माहीत?

फोनचंही एक बघावं लागतं. इथंच बऱ्याच जणांची फसगत होते. कंपनी बदलली की प्रत्येक फोन चालेलच असं नाही. मामांचा बटणाचा फोन फक्त टू-जीचा. जिओकडं टू-जी, थ्री-जी नाहीच, तिथं कॉल सुद्धा फोर-जीवरून जातो. असा फोन तिथं मुका. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. बऱ्याच जुन्या फोनांत ७०० चा बँडच (त्या लहरी पकडायची सोयच) नसतो, मग जिथं टॉवर फक्त त्यावर चालतो तिथं फोर-जी फोनलाही नेट सापडत नाही. आपल्या फोनचं मॉडेल नेटवर टाकलं की कोणते बँड आहेत ते कळतं, नाहीतर घरातल्या शिकल्यासवरल्या पोराला बघायला सांगा. व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून कॉल करायची सोय, आहे का तेही बघा. आणि आत्यांच्या फोनात तर दुसऱ्या कंपनीचं सिम चालतच नव्हतं, तो फोन त्या कंपनीलाच बांधलेला. त्यांचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता आला असता, फोन नाही. हे मी पोर्ट टाकायच्या आधी बघितलं म्हणून निभावलं.

म्हणून चारही नंबर एकदम हलवले नाहीत. आधी ह्यांचा. माझ्या नंबरवर पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप), मानधनाचं खातं, सगळं. तो मी महिनाभर थांबून केला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२४ च्या त्या जुलैत कितीतरी घरांनी रागारागात सगळे नंबर एका दिवशी दुसरीकडं नेले. एकदा गेलं की ९० दिवस त्या कंपनीतून हलता येत नाही. घरातला एक नंबर न्या, त्याला पाऊस, लोडशेडिंग, शेत, बाजार सगळं दाखवा, मग दुसरा.

आता पोर्ट कसं टाकतात ते. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. पोस्टपेडचं बिल थकलं असेल, किंवा सात दिवसांच्या आत सिम हरवून नवीन काढलं असेल, तर कोड येत नाही. सात दिवसांचा नियम जुलै २०२४ पासूनचा, दुसऱ्यानंच आपलं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून.

ह्यांच्या वेळी दुकानदार म्हणाला, "तुमच्या रिचार्जमध्ये मेसेज नाहीत, आधी मोठा रिचार्ज मारा, मग पोर्टचा मेसेज जाईल." आम्ही उठून पैसे काढत होतो. पण माझ्या वाचनात आलं होतं की डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं आदेशच दिला आहे, रिचार्ज कुठलाही असो, १९०० वरचा पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे. तिथंच उभं राहून पाठवला आणि गेला. दुकानदाराला ठाऊक नसेल किंवा सांगायचं नसेल. पण माझ्या मागं रांगेत दोन म्हातारी माणसं होती आणि त्यांनी तो रिचार्ज मारला असता, त्याचा मला अजून राग येतो. जुना रिचार्ज आणि बॅलन्स पोर्ट झाल्यावर बुडतो. म्हणून रिचार्ज संपायला चार-पाच दिवस राहिले की पोर्ट टाका, ८४ दिवसांचा नवाकोरा रिचार्ज मारून नाही.

कोड आल्यावर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात, ऑफर देतात. गोड बोलतात. ठरवलं असेल तर ठरवलं. पण एक लक्षात ठेवा, खरी कंपनी तुम्हाला तो आठ अक्षरांचा कोड फोनवर विचारणार नाही. कोड म्हणजे तुमच्या नंबरची चावी. दुकानात अंगठा लावताना सुद्धा "लागला नाही, पुन्हा लावा" म्हणाले तर स्क्रीन बघा, आपल्या नावावर दुसरं सिम तर निघत नाही ना. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी ह्या सरकारी वेबसाइटवर दिसतं. आत्यांचा नंबर पुण्याच्या भाऊजींच्या नावावर आहे, हे मला तिथं बघितलं तेव्हाच कळलं. बारा वर्षं फोन आत्यांचा आणि कागदावर मालक दुसराच. दिवाळीला भाऊजी आले तेव्हा आधी नंबर नावावर करून घेतला. घरोघरी हीच गत आहे. बाईचा फोन आणि सिम नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या नावावर. तुमचं सिम तुमच्या नावावर करून घ्या, बायांनो, पोर्ट करायचं असो नसो.

आमच्या सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांच्या विभागात, नंबर हलायला कामकाजाचे तीन दिवस लागतात. रात्री काही तास फोन मुका होतो, मग जुन्या सिमची रेंज जाते, नवं घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचं फोनवरून पैसे पाठवणं बंद पडलं, तर हे घाबरले, खातं गेलं म्हणाले. काही जात नाही. सिम बदललं की पेमेंटचं ॲप नव्या सिमवरून एक मेसेज पाठवून पुन्हा ओळख मागतं. नंबर तोच असल्यामुळं बँकेत जावं लागत नाही, आधार केंद्रावर जावं लागत नाही. त्या लेकुरवाळीला आता कळमनुरीला जावं लागेल, रोज बुडेल, ७५ रुपये लागतील, पोर घेऊन रांगेत उभं राहावं लागेल. तिचं सिम फुकट होतं.

मामांचा फोन आम्ही हलवला नाही. त्यांना नेट नको, फोटो नको. वसमतला हळदीचा भाव काय आणि पुण्याहून नातीचा फोन कधी येतो, एवढंच. नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचा रिचार्ज ठेवा, असं ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, तेव्हापासून मामांना तोच मारते. दुकानात तो आपणहून कुणी सांगत नाही. मागावा लागतो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी नेटचे पैसे भरू नयेत.

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवावा लागतो आणि त्याच्या आधी तिचं आधार ओटीपीनं जोडावं लागतं. त्यामुळं कुणाचा नंबर चालू आहे, कुणाचा बंद आहे, हे आता माझ्या रजिस्टरमध्ये आहे. बंद असलेल्यांतल्या बहुतेकींनी फोन हरवलेला नाही, नंबर टाकून दिलेला आहे. सिम तीन महिने वापरलं नाही की कंपनी ते बंद करू शकते आणि पुढं तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. ज्यांचं जुनं सिम अजून डब्यात, देव्हाऱ्यात, पाकिटात पडलेलं आहे, त्यांनी आजच फोनात घालून बघा. रेंज आली तर आधी साधा रिचार्ज मारून नंबर वाचवा. तो पोर्ट करता येतो.

उद्या त्या लेकुरवाळीच्या नवऱ्याला बोलावलं आहे. जुनं सिम फेकलं म्हणतो, पण त्याच्या आईनं धान्याच्या कोठीवर एका डबीत काही सिमं जपून ठेवली आहेत म्हणे. डबी घेऊन यायला सांगितलं आहे.