‘पंचनामे बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सप्टेंबर २०२५ च्या मराठवाड्यातल्या पुरानंतर एक मेसेज आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपवर फिरला. मजकूर थोडक्यात असा: ‘किल्लारीला सरकार पोचलंच नव्हतं. बावन्न गावं संस्थांनी आणि लोकांनी उभी केली. आजही लोकच मदत करतात, सरकार नुसते कागद मागतं. म्हणून पंचनामे बंद करा आणि सरकारी निधी थेट संस्थांच्या हातात द्या.’ खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. लोकांना पटलं, त्यांनी पाठवलंही. मला पटलं नाही.

‘किल्लारीला सरकार पोचलंच नव्हतं.’

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. पहिले काही तास ढिगारे उपसले ते गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या लोकांनी, याबद्दल वाद नाही. भूकंपात ते तसंच होतं, जो जवळ असतो तोच पहिला हात घालतो. पण मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत होते, पाठोपाठ लष्कर आलं. त्या कामात काय चुकलं यावर बोलायला भरपूर जागा आहे. ‘पोचलंच नव्हतं’ हे मात्र धादांत खोटं.

‘बावन्न गावं संस्थांनी उभी केली.’

इथं जरा थांबू, कारण मेसेजचा सगळा डोलारा या वाक्यावर आहे.

काही गावं देणगीदारांनी दत्तक घेतली आणि बांधली, हे खरं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला शिकायला नेली, हेही खरं, आणि त्याचं मोल कुणी कमी करू नये. पण नव्या गावठाणाची जमीन मिळवायची कुणी? ती संपादन करून, मोजून, प्लॉट पाडून देण्याचा अधिकार कुठल्याच ट्रस्टला नव्हता. उरलेली गावं सरकारनं बांधली, जागतिक बँकेचं कर्ज काढून.

आणि हे सगळं फक्त नव्या जागी वसवलेल्या बावन्न गावांपुरतं झालं. त्याहून कितीतरी मोठं काम फोटोत आलंच नाही. तेरा जिल्ह्यांत दोन लाखांच्या आसपास घरं होती तिथंच दुरुस्त आणि मजबूत झाली. हे काम ना ठेकेदारानं केलं, ना संस्थेनं. घरमालकानं स्वतः केलं. पैसे सरकारचे, हप्त्याहप्त्यानं बँक खात्यावर जमा होणारे, आणि पुढचा हप्ता इंजिनिअरनं काम बघितल्यावर. आपलं माळवदाचं घर आठवा: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. माणसं मेली ती या मातीखाली आणि दगडाखाली. तर वरची माती कमी करायची, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवायचे, काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. हे गवंड्याला सांगायचं कुणी आणि तो खरंच करतोय का हे बघायचं कुणी?

त्यासाठी गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या, गावातल्याच बायका. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना उभं केलं, पण त्यांची नेमणूक सरकारी कार्यक्रमाचा भाग होती. जी बाई कालपर्यंत ग्रामपंचायतीची पायरी चढत नव्हती, ती इंजिनिअरला विचारायला लागली, अमुक घराचा हप्ता का अडला? आता याला सरकारी काम म्हणायचं का लोकांचं? मेसेज लिहिणाऱ्याला दोनच रकाने माहीत आहेत, आणि किल्लारीतलं सगळ्यात चांगलं काम त्यातल्या एकातही बसत नाही.

सरकारची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. नव्या गावांत घराचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. जुन्या गावातली उतरंड नव्या गावात सरकारी शिक्क्यानिशी उतरली. रस्ते आखीव, गल्ल्या सरळ, आणि गोठ्याला जागा नाही. शेत राहिलं जुन्या गावाकडं. या चुकांवर टीका करा ना, पोटभर करा. पण देणगीदारांच्या गावांतही सरळ रांगाच पडल्या आणि तिथंही बैल कुठं बांधायचा हा प्रश्न राहिलाच, तेवढं त्याच दमात सांगा.

‘आजही लोकच मदत करतात.’

करतात. धाराशिव जिल्ह्यात परंडा-भूमकडं पाणी शिरलं तेव्हा पहिली भाकरी शेजारच्या गावातून आली, चारा आला, किराणा किट आले. पण पाण्यात अडकलेल्यांना काढायला एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती पथक, आणि लष्कराचं हेलिकॉप्टरच लागलं. सीना-कोळेगाव धरणातून किती पाणी कधी सोडायचं हे कुठल्या मित्रमंडळाला ठरवता येत नाही. आणि मदतीचा ट्रक कुठं थांबतो? जिथं डांबरी आहे तिथं, जिथं रील निघते तिथं. रस्त्यावरच्या गावात एका घरी तीन किट, आतल्या वस्तीवर एकही नाही. किल्लारीतही हेच झालं. नाव झालेल्या गावात जुन्या कपड्यांचे ढीग पडले, आडबाजूची गावं वाट बघत बसली.

‘सरकार नुसते कागद मागतं.’

यात तथ्य आहे, आणि मेसेज पसरला तो याच वाक्यामुळं. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेत, आणि माणूस उभा आहे ई-केवायसीच्या रांगेत. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते. तीत नाव असतं, समोर अनुदानाचा विशिष्ट क्रमांक असतो, पण जमिनीचं खातं सामाईक. म्हणजे भावाचं संमतीपत्र हवं. भाऊ चाकणला कंपनीत, त्याला सुट्टी नाही, आणि बहिणीचंही नाव सातबाऱ्यावर आहे हे तेव्हा आठवतं. एवढं करून २०२५ च्या दरानं जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००. मग माणूस म्हणतो, आग लागो त्या पंचनाम्याला.

पण पंचनामा नसेल तर काय असेल? तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येऊन ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लिहितात, ते चुकीचं लिहिलं तर तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. माहितीच्या अधिकारात नक्कल मागता येते. ट्रकवाल्याकडं अर्ज कुठं करायचा? त्यानं तुमचं घर वगळलं तर वगळलं. ज्याची गावात वट आहे त्याला कागद नसला तरी मदत मिळते. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्याकडं यादीतल्या नावाशिवाय भांडायला दुसरं काही नसतं.

‘निधी थेट संस्थांच्या हातात द्या.’

कुठल्या संस्थेला? परंड्याची कोणती, गेवराईची कोणती, आणि हे ठरवणार कोण? ठरवायला परत एक सरकारी समितीच बसेल, तिच्यापुढं परत कागद लागतील, फक्त ते शेतकऱ्याऐवजी संस्थाचालकाचे असतील. आपल्याकडं सूतगिरण्या, पतसंस्था आणि चारा छावण्या बघितलेल्या माणसानं ही मागणी करावी याचं मला नवल वाटतं.

मागायचंच असेल तर पंचनाम्याच्या यादीचं चावडी वाचन मागा, अनुदान जमा व्हायच्या आधी, ग्रामसभेत, मोठ्यानं. सामाईक खात्याला कसणाऱ्याचा स्वयंघोषणापत्रावर हिस्सा मागा. आणि बटईनं करणाऱ्याचं, सालगड्याचं नाव लिहायला त्या फॉर्मात एक रकाना मागा. बी-खताचा खर्च बटईदारानं उचलला, पीक त्याचं बुडालं, पण सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून अनुदान मालकाच्या खात्यात. किराणा किट त्याला मिळालं असेल कदाचित. या मेसेजमध्ये मात्र त्याच्याबद्दल एक ओळ नाही.