टाकीचा तळ आधी बघा, प्युरिफायर मग घ्या

जुलै लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बादल्यांचे फोटो यायला लागतात. पिवळट पाणी, खाली गाळाचा थर आणि वर मजकूर, "कमिटी झोपली आहे का?" त्याला पटापट अंगठे. मग कुणी नगरसेवकाचा नंबर टाकतं, कुणी ओळखीच्या आरओवाल्याचा, म्हणजे पाण्यातले क्षारही काढणारं प्युरिफायर विकणाऱ्याचा. दोन-तीन दिवसांत पाणी आपसूक निवळतं आणि ग्रुपवर पुन्हा सुप्रभात सुरू होतं. मी कमिटीत आहे, त्यामुळे या विषयावर शिव्या खायची सवय आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच की इमारतीत येणाऱ्या गाळाचा बंदोबस्त टाकीत आणि पाइपात करायचा असतो. आपण तो घरोघरच्या ओट्यावर, ज्याच्या त्याच्या पैशांनी करायला जातो आणि आंघोळीच्या बादलीत माती ती मातीच राहते.

हा गाळ येतो कुठून? पावसाळ्यात नदीचं पाणीच गढूळ असतं, जलशुद्धीकरण केंद्रावर ताण येतो, हे खरं. पण पुणेकरांना दुसरं कारण जास्त ओळखीचं आहे. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" ही सूचना आपण पाठ म्हणू शकतो. पाइपातलं पाणी ओसरलं की आतला दाब जातो. जिथे सांधे गळके असतात तिथून बाहेरचं चिखलपाणी आत ओढलं जातं. पाणी पुन्हा सुटलं की तो पहिला लोंढा पाइपाच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेलं सगळं खरवडून घेऊन येतो. तो लोंढा थेट आपल्या खालच्या टाकीत जातो, कारण व्हॉल्व्ह उघडाच असतो. टाकीच्या आधी एक तोटी बसवून पहिलं पाणी दहा-पंधरा मिनिटं बागेत सोडायचं, एवढ्याने निम्मं काम होतं. वॉचमनला एकदा दाखवून द्यायचं काम आहे.

ग्रुपवर फोटो टाकण्याआधी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ओट्यावर ठेवा आणि बघत राहा. पाणी दुधासारखं पांढरं असेल आणि खालून वर असं मिनिटा-दोन मिनिटांत स्वच्छ होत गेलं, तर ती हवा आहे. पाणी बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर हे हमखास होतं, त्यात काळजीचं काही नाही. तळाला लगेच दाणे बसले तर वाळू किंवा गंज. लोहचुंबक लावून बघा, कण हलले तर तुमच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचे दिवस भरलेत. पांढरे पापुद्रे फक्त गरम पाण्याच्या नळाला येत असतील तर तो गीझरमधला क्षार आहे. त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतो. आणि रात्रभर ठेवूनही पाणी गढूळच राहिलं, तर ती खरी चिवट चिकणमाती.

ही चिकणमाती का बसत नाही? बारीक वाळूचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट बारीक कणाला दोनेक तास लागतात. आणखी दहापट बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला आठवडाभर, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटी फिरवली की तो भार मोडतो, कणांचे गोळे होतात आणि खाली बसतात. आपल्या आज्या माठात तुरटी फिरवायच्या, कुणी निवळीची बी घासायच्या, ते उगीच नव्हे. मोठ्या केंद्रांवरही हेच तत्त्व चालतं, फक्त मोजून-मापून. सोसायटीच्या टाकीत मात्र कुणी अंदाजाने तुरटीची पिशवी ओतू नका. असा प्रस्ताव आमच्याकडे खरोखर आला होता.

आता टाकीबद्दल, कारण खरी गोम इथे आहे. आमच्या इमारतीची खालची टाकी बिल्डरने बांधली ती चारी बाजूंनी सपाट तळाची. ना एका कोपऱ्याकडे उतार, ना गाळ जमायला खड्डा. पंपाचा सक्शन पाइप, त्याच्या टोकाच्या फुटव्हॉल्व्हसकट (पाणी आत घेणारी, उलटं जाऊ न देणारी झडप), थेट तळाला टेकवलेला, का तर शेवटचा थेंबही वापरता यावा. प्लंबर झाकण उघडून टॉर्च मारून म्हणाला, "ताई, हा फुटव्हॉल्व्ह गाळातच बसलाय. पाणी नाही, चहाची साय ओढतोय हा." तळाला बोटभर जाडीचा, तपकिरी, बोट लावलं की विरघळणारा थर होता. पंप सुरू झाला की फुटव्हॉल्व्हच्या भोवती त्याचा ढग उठताना दिसत होता. हाच ढग रोज दोनदा गच्चीवर जातो आणि तिथून उरलेला गाळ सगळ्या घरांत.

उपाय कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे. फुटव्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर उचलायचा. खाली राहणारं पाणी वापरायचं नाही, ती गाळाची जागा. लेव्हल सेन्सर असा लावायचा की पाणी त्या पातळीला आलं की पंप आपोआप बंद होईल. वरच्या टाकीतही तेच: घरांकडे जाणारी लाइन तळापासून चार-सहा इंच वरून निघाली पाहिजे आणि अगदी तळाला वेगळा वॉशआउटचा व्हॉल्व्ह पाहिजे. तो महिन्यातून एकदा मिनिटभर उघडला की गाळ बाहेर. कित्येक इमारतींत हा व्हॉल्व्ह असतोही, पण गंजून जाम झालेला, कारण तो कशासाठी आहे हे नव्या कमिटीला जुन्या कमिटीने सांगितलेलंच नसतं.

टँकरचं पाणी घेणाऱ्यांनी तर हे आजच करावं. दहा हजार लिटरचा टँकर जाडजूड पाइप थेट टाकीत सोडतो. त्या धारेने तळाचा सगळा गाळ घुसळून वर येतो आणि नेमका त्याच वेळी वॉचमन पंप सुरू करतो, कारण वरची टाकी रिकामी असते. टँकर आला की निदान दोन तास पंप लावायचा नाही, असा नियम करा. जमलं तर टाकीत विटांची एक आडवी भिंत घालून छोटा कप्पा करा. टँकरची धार त्यात पडेल आणि पाणी भिंतीवरून सावकाश पलीकडे जाईल.

आणि आता आरओवाले. लॉबीत टेबल टाकून बसतात तेव्हाचा त्यांचा एक प्रयोग तुम्ही पाहिला असेल. दोन ग्लास, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. तुमचं पाणी मिनिटभरात गटारासारखं तपकिरी-हिरवं होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. बघणाऱ्या आज्यांचे चेहरे पडतात. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते हो! ती कांडीच्या लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळून गाळ होतो. आरओच्या पाण्यात क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि काही होत नाही. त्या माणसाला म्हणा, यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि मग दाखव. आमच्याकडे एका काकांनी तसं म्हटल्यावर टेबल आवरायला पाच मिनिटं लागली नाहीत.

पाण्यात बुडवून आकडा दाखवणाऱ्या टीडीएसच्या पेनबद्दलही हेच. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. चिखलाचं पाणी टीडीएसमध्ये उत्तम गुणांनी पास होऊ शकतं. गढूळपणा वेगळा मोजतात, एनटीयू या एककात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, तो १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळात मऊ, त्याला आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, कारण ही यंत्रं वाया घालवतात ते पाणी थोडंथोडकं नसतं. बहुतेक गाळासाठी पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) साधी फिल्टर कँडल पुरते, आणि तीही टाकीचा तळ सुधारल्यावर महिन्या-महिन्याला बदलावी लागत नाही.

गढूळपणा नुसता डोळ्यांना खुपतो असं नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि ती माती क्लोरीनही खाऊन टाकते. उलट, स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असेलच असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे, नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा तपासणीत काही खासगी आरओ प्लांटचं पाणीही पिण्यायोग्य नसल्याचं निघालं. तेव्हा गाळ काढा, पण नळाला क्लोरीन येतंय का तेही तपासा, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. तपासायचं किट फार महाग नसतं.

बोअरवाल्यांसाठी एक ओळ: उपसताना स्वच्छ आणि तासाभराने लालसर होणारं पाणी म्हणजे लोह. ते विरघळलेलं असतं तोवर वाळूच्या फिल्टरमधूनही सरळ निघून जातं. आधी हवेत खेळवा, मग गाळा. आणि सँड फिल्टर बसवलाच असेल तर बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवा, नाहीतर तोच गाळाचं कोठार होतो.

टाकी धुणं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. पण हे काम वॉचमनला पाचशे रुपये देऊन करवून घेऊ नका, हात जोडून सांगते. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, आणि आत पेट्रोल-डिझेलचा पंप उतरवला तर कार्बन मोनॉक्साइड. मुंबईत नागपाड्याला मार्च २०२५ मध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीची टाकी साफ करताना कामगार गुदमरून गेले. झाकणं आधीपासून उघडी, ब्लोअर चालू, कमरेला दोर आणि वर एक माणूस, याशिवाय कुणालाही आत उतरवायचं नाही. यंत्राने साफ करणारे आता सगळीकडे मिळतात.

आमच्याकडे फुटव्हॉल्व्ह उचलणं, सेन्सर आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बदलणं या सगळ्याला मिळून जो खर्च आला तो एका चांगल्या आरओ मशीनपेक्षा कमी होता, आणि तो सगळ्या घरांत वाटला. तरी वार्षिक सभेत तळमजल्याच्या एका सभासदाने विचारलंच की गच्चीवरच्या टाकीचा खर्च आम्ही का द्यायचा. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. विषय मंजूर झाला, इतिवृत्तात नोंदही आहे. कुणाला त्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.