पडून राहिलेल्या माणसाला जेवण कशाला?

विषय निघाला मगरीवरून. हिवाळ्यात सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर मगर ऊन खात पसरलेली दिसते. सागऱ्याचं म्हणणं, ती आठवडेच्या आठवडे न खाता राहते, मग रविवारी दिवसभर कॉटवर पडलेल्या माणसाला दोन वेळचं जेवण कशाला? "स्टँडला लावलेली गाडी पेट्रोल पिती का?"

"तू बंद कुठं असतोस? आयडलिंगला असतोस," संत्या म्हणाला. संत्या ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवतो, त्यामुळं त्याला आवरणं अवघड. "साठ किलोचा माणूस नुसता पडून राहिला तरी दिवसाला चौदाशे किलोकॅलरीच्या आसपास जातात."

"जातात कुठं पण? हात हलवला नाही, पाय हलवला नाही."

इथं वैशाली मध्ये पडली. ती रक्तपेढीत टेक्निशियन आहे आणि एरवी या वादांत पडत नाही. "आमच्याकडं तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवतात. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. दोन्ही सारखी झिरपत असतात आणि पेशीच्या आवरणातले पंप त्यांना परत आपापल्या जागी ढकलतात. ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, की एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडला. थंडीत हे पंप जवळपास बंद पडतात. झिरपणं मात्र सुरूच. म्हणून पिशवी जसजशी जुनी होईल तसं पेशींबाहेरचं पोटॅशियम चढत जातं. तान्ह्या बाळाला जास्त रक्त भरायचं असलं की डॉक्टर ताजी पिशवी मागतात ते त्यासाठीच. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात."

सागऱ्या जरा गप्प झाला. संत्यानं लगेच भर घातली, की पडून राहिलेल्या माणसाच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा या एका पंपावरच जातो. येन्स स्काऊ नावाच्या डॅनिश माणसानं तो १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये शोधला, आणि नोबेल मिळालं थेट १९९७ला. (नोबेलवाल्यांना घाई नसते, हे माझं मत.)

"बरं, पंप मान्य. मग मगरीला नाहीत का पंप?"

प्रश्न बिनतोड होता. मला वाटलं संत्या अडकला. पण तो म्हणाला, "आहेत की. पण ती अंग तापवायला ऊन वापरते, फुकटात. आपण ३७ अंश घरचं जाळून राखतो. तेवढ्याच वजनाच्या मगरीचं आपल्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भागतं."

"म्हणजे मगर शहाणी!"

"पहाटे थंडीत तिला पळायला लाव मग," अण्णा म्हणाले. अण्णांना मॉर्निंग वॉकचा अभिमान आहे.

सागऱ्या हरणारा नव्हे. उन्हाळ्यात तर बाहेरच ४० अंश असतं, तेव्हा ३७ राखायला जाळायचं काय, असं त्यानं विचारलं. संत्या म्हणाला, तेव्हा उलटा उद्योग, घाम. एक लिटर घाम वाळताना ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. वाळला तरच, म्हणून मुंबईत अंग नुसतं चिकचिकतं. आणि घामातून मीठ जातं, ते जास्त जाऊ नये म्हणून घामाच्या नळ्या आणि मूत्रपिंड ते परत ओढून घेतात. त्यातही तोच पंप. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात.

"थांब, थांब. अंगात रक्त ५ लिटर. १८० आणलेस कुठनं?"

"रक्तातलं पाणी तीनेक लिटर. तेच दिवसातनं साठेक वेळा गाळून परत घेतात. लघवीला जातं दीड-दोन लिटर."

"तीन साठे एकशेऐंशी," सागऱ्यानं बोटांवर मोजलं. "मग गाळायचंच कशाला एवढं, परतच घ्यायचंय तर?"

संत्यानं तोंड उघडलं, पण वैशालीची शिफ्ट आठला होती आणि ती उठली, तसा त्याचा श्रोतावर्ग निम्म्यावर आला.