घाटीनंतर एकदम नांदेड?

मराठवाड्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांवरचा तुमचा लेख आवडला, पण एक गाव राहूनच गेलं. १९५६ चं औरंगाबादचं मेडिकल कॉलेज, म्हणजे घाटी, सांगून तुम्ही थेट १९८८ च्या नांदेडवर आलात. मधलं अंबाजोगाई कुठं गेलं? १९७४ ला इथं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तेही जिल्ह्याच्या गावी नाही, तर तालुक्याच्या गावात, जिथं आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर परळी गाठावी लागते. कॉलेजच्या नावातच 'ग्रामीण' शब्द आहे. नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचं, आणि ते उगाच दिलेलं नाही. निजामाच्या काळात गावाला मोमिनाबाद म्हणायचे, तेव्हा स्वामीजी इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते.

आमच्या लहानपणी 'मेडिकलला नेलं' एवढं कुणी म्हटलं की पेशंट गंभीर आहे हे घरात कळायचं. आजोबा तिथं ॲडमिट असताना मी सकाळच्या एसटीनं डबा घेऊन जायचो. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर फडक्यात बांधलेला कांदा. वॉर्डात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका खाटेभोवती उभा राहिला की आजोबा मला म्हणायचे, "बघ, एवढ्या पोरांची परीक्षा माझ्या छातीवर चाललीय." मुंबईकडून आलेली ती पोरं चार-सहा महिन्यांत 'कुठं दुखतंय मामा' असं आमच्याच हेलात विचारायला लागायची.

खोल्या भाड्यानं देणं, खानावळी, झेरॉक्स, औषधाची दुकानं, गावातली किती घरं या कॉलेजवर उभी राहिली त्यावर तर वेगळा लेख होईल. लिहाच.